काकुमातले तीन महिने आणि एक फोटो

(ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोललेलंच लिहून काढलंय. मधले ‘अं… म्हणजे’ आणि खिडकीबाहेरचा भंगारवाला तेवढा काढून टाकलाय.)



गेले काही महिने मला एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारला जातोय. परवा तर मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायरीवरच एका कॉलेजातल्या मुलाने गाठलं. “ताई, तुम्ही आफ्रिकेत निर्वासित मुलांबरोबर काम करून आलात ना? मलापण जायचंय. अर्ज कुठे करायचा?” मी त्याला म्हटलं, “सांगते, पॉडकास्टवरच सांगते.” आणि मग दोन आठवडे टाळलं. टाळण्याचं कारण असं की हे नीट सांगायचं तर एका फोटोबद्दल सांगावं लागतं, आणि ते सांगायला मला अजून जड जातं. पण आज सांगून टाकते.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी वसईची. पेशाने बालवाडी शिक्षिका. एका ख्रिस्ती मिशनतर्फे तीन महिन्यांसाठी केनियातल्या काकुमा छावणीत गेले होते. मिशनचं नाव घेणार नाही, कारण पुढे त्यांच्याबद्दल दोन बऱ्यावाईट गोष्टी येणार आहेत आणि माणसं मनाने चांगली होती.

काकुमा आहे केनियाच्या वायव्य टोकाला, तुर्काना काउंटीत. दक्षिण सुदानची हद्द तिथून फार लांब नाही. नकाशावर बघाल तर आजूबाजूला पिवळा रंगच जास्त. ऊन असं, की पत्र्याच्या वर्गात साडेदहानंतर खडूसुद्धा हातात गरम लागतो. ही छावणी 1992 साली सुरू झाली. सुदानमधल्या युद्धातून हजारो मुलं, बरीचशी आईबापांशिवाय, चालत आधी इथिओपियात आणि तिथून हुसकली गेल्यावर केनियात आली. जगाने त्यांना ‘लॉस्ट बॉइज’ असं नाव दिलं. म्हणजे बघा, या छावणीची सुरुवातच मुलांपासून झाली. तेव्हा तात्पुरती म्हणून उभारलेली छावणी आज तीस वर्षं ओलांडून गेलीय. काकुमा एक, दोन, तीन, चार असे तिचे भाग आहेत, आणि शेजारी कालोबेयेई नावाची नवी वस्ती 2016 पासून वसलीय. सगळे मिळून सुमारे तीन लाख लोक, त्यात निम्म्याहून जास्त मुलं. दक्षिण सुदान, सोमालिया, काँगो, बुरुंडी, इथिओपिया, अशा कितीतरी देशांतली. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा निर्वासितांचा संघ उतरला होता, आठवतंय? त्या दहा खेळाडूंपैकी पाच धावपटू काकुमातून निवडलेले होते.

‘निर्वासित’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. धरणात घर गेलं की निर्वासित, पूर आला की निर्वासित. 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारात मात्र त्याचा अर्थ बराच नेमका आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत, यांपैकी कशामुळे तरी छळ होईल अशी सार्थ भीती असलेला आणि म्हणून स्वतःच्या देशाबाहेर असलेला माणूस. (भारताने या करारावर सही केलेली नाही. तो वेगळा विषय, कधीतरी घेऊ.) यातला ‘भीती’ हा शब्द लक्षात ठेवा. मी ठेवला नव्हता. माझ्या डोक्यात निर्वासित म्हणजे गरीब एवढंच होतं. गरीब मुलांसाठी काय करायचं ते आपल्याला माहीत असतं: खाऊ द्यायचा, कपडे द्यायचे, प्रेम द्यायचं. भीती असलेल्या मुलासाठी काय करायचं हे मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं.

जायची तयारी म्हणाल तर कागदपत्रं भरपूर. पोलिसांकडचं चारित्र्याचं प्रमाणपत्र, पिवळ्या तापाची लस (ती नसेल तर भारतात परत येताना विमानतळावर अडवतात), मलेरियाच्या गोळ्या. बिनपगारी असलं तरी काम हे काम, त्यामुळे पर्यटक म्हणून जाऊन चालत नाही. आणि छावणीत शिरायला केनियाच्या निर्वासित विभागाची वेगळी परवानगी. हे सगळं मिशनने चोख करून घेतलं. प्रशिक्षण मात्र एक दिवसाचं. त्यात सकाळी प्रार्थना, मग आफ्रिकेची माहिती, जेवण, गाण्यांचा सराव, आणि शेवटी चहाच्या आधी पाऊण तास ‘बालसुरक्षा’. एक चार पानी कागद वाचायला दिला, खाली सही करायची होती. मी केली. वाचला का? वरवर. त्याच्या दुसऱ्या पानावर फोटोबद्दल सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं, हे मला पुढे कळलं.

माझं काम एका लहान केंद्रात होतं. शाळेत जायच्या आधीच्या वयाची आणि शाळेतून गळलेली अशी चाळीसेक मुलं सकाळी यायची. केंद्र चालवायची एक काँगोली बाई, पन्नाशीची. ती स्वतः निर्वासित, काकुमात येऊन बारा वर्षं झालेली. सगळी तिला ‘मामा’ म्हणायची. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. मला पहिले आठ दिवस “मामा आली, मामा रागावली” असं बोलताना हसू यायचं. नंतर सवय झाली, त्यामुळे पुढेही मी तसंच म्हणणार आहे. स्वाहिलीत आपले शब्द बरेच भेटतात. दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’, चपाती तर चपातीच. मुलं मला ‘मुहिंदी’ म्हणायची, म्हणजे हिंदी, भारतीय.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. छावणीतले बहुतेक शिक्षक असे मामासारखे निर्वासितच असतात. त्यांना पगार मिळत नाही, ‘इन्सेंटिव्ह’ मिळतो. म्हणजे आपल्याकडे अंगणवाडी सेविकेला मानधन असतं ना, तसलं. काम पूर्ण, पैसे अर्धवट. प्राथमिक शाळांमध्ये एकेका वर्गात शंभराच्या वर मुलं असतात आणि अशा शिक्षकांना धड प्रशिक्षणही मिळालेलं नसतं. तरी वर्ग चालतो, कारण ती माणसं रोज येतात.

मी बालवाडीची पंधरा वर्षं अनुभवलेली बाई. मला वाटलं, मी यांना नवीन काहीतरी शिकवीन. पहिल्याच दिवशी रंगीत कागद, चिकटवायचे डोळे, फुगे असं सगळं बॅगेतून काढलं. मामाने ते शांतपणे गोळा करून कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. म्हणाली, “शुक्रवारी.” दर शुक्रवारी एकच वस्तू निघायची. मला ते कंजूषपणाचं वाटलं.

त्या केंद्राचा दिवस कसा होता ते सांगते, कारण खरं शिक्षण मला तिथेच मिळालं. सकाळी दारात मामा उभी. प्रत्येक मुलाचं नाव घेऊन हात धुवायला पाणी ओतायची. मग सगळी गोलात, आणि जागा ठरलेल्या. मग तेच गाणं. नंतर आकडे, अक्षरं, खेळ. दहा वाजता मक्या-सोयाच्या पिठाची पातळ गरम लापशी, तिला ‘उजी’ म्हणतात, आपल्या पेजेसारखीच. मग पुन्हा तेच गाणं आणि घरी. रोज. अगदी रोज. दुसऱ्या आठवड्यात मी म्हटलं, “मामा, गाणं बदलूया का?” ती म्हणाली, “तुला कंटाळा आला असेल तर तू मनात दुसरं म्हण.”

तिने मग समजावलं. या मुलांच्या आयुष्यात सगळंच अचानक झालंय. अचानक रात्री उठवलं, अचानक निघालो, अचानक कोणीतरी दिसेनासं झालं. अशा मुलाला पुढे काय होणार हे आधी माहीत असणं हीच चैन असते. गाण्यानंतर आकडे येणार, आकड्यांनंतर उजी येणार, आणि ती खरंच येते. तुझे फुगे छान आहेत, पण ते अचानक आहेत.

अर्थात छावणीत सगळं आपल्या हातात नसतं. रेशनवाटपाच्या दिवशी निम्मी मुलं गायब, कारण घरच्यांबरोबर रांगेत. पाण्याच्या नळावर गर्दी झाली की मोठ्या मुली वीस लिटरचे कॅन घेऊन तिकडे. एखाद्या दिवशी डोंगरात पाऊस पडला की कोरडी नदी, तिला तिकडे ‘लागा’ म्हणतात, अर्ध्या तासात भरून वाहायला लागते आणि पलीकडची मुलं पलीकडेच राहतात. आणि रेशन कमी कमी होत गेलंय. मी तिथे होते तेव्हाच कपात झालेली होती. 2025 मध्ये आणखी कापलं आणि लोक रस्त्यावर आले. लापशीच्या वेळेला केंद्रात हजेरी का वाढते, हे सांगायला नको.

आता त्या मुलीकडे येते. नाव, वय, देश, काही सांगणार नाही. कारण लवकरच कळेल. लहान होती आणि बोलत नव्हती. म्हणजे बोलता येत होतं, बोलत नव्हती. महिनाभर मामाच्या डाव्या बाजूची जागा सोडली नाही. मग एक दिवस मी अंगणात पाच खडे घेऊन सागरगोट्यांसारखं खेळत बसले होते, असंच, दुपारची वेळ घालवायला. ती आली, माझे खडे चाळून बघितले, दोन नापसंत करून फेकून दिले, दुसरे गुळगुळीत शोधून आणले आणि मला खेळून दाखवलं. त्यांच्याकडे वेगळे नियम आहेत. माझा हात चुकला की ती म्हणायची, “पोले.” तिचा पहिला शब्द मी ऐकला तो हा. ‘पोले’ला मराठीत शब्द नाही. कोणी ठेचकाळलं, कोणाच्या घरी दुःख झालं, कोणाचं काम चुकलं, तर म्हणतात पोले. माफी मागणं नाही ते. तुला लागलं ते मला दिसलं, असं काहीतरी.

त्या आठवड्यात ती हसली, आणि मी फोटो काढला. तळहातावर पाच खडे, मान तिरकी, पुढचा दात पडलेला. इतका सुंदर फोटो मी आयुष्यात काढलेला नाही. घरच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपवर चौदा माणसं, सगळी नात्यातली. खाली लिहिलं तिचं नाव, आणि ‘आज पहिल्यांदा बोलली’. कौतुकाचा पाऊस पडला. एका मावसबहिणीने तो पॅरिशच्या ग्रुपवर टाकला. तिथून कोणीतरी फेसबुकवर: ‘आपल्या वसईची कन्या, काकुमा छावणीत, अमुक या चिमुकलीसोबत.’ नाव, जागा, चेहरा, सगळं. कोणाच्याही मनात वाईट नव्हतं. चार दिवसांत त्याला शेकडो लाइक्स.

पाचव्या दिवशी आमच्या सिस्टरने बोलावून फोन समोर धरला. “हे तू काढलंस?” मी हो म्हटलं, थोडं अभिमानानेच.

आता समजून घ्या. काही समाजांत लग्नात वधूसाठी गुरं दिली जातात, आणि गुरं दिली म्हणजे मुलं बापाच्या कुळाची, असा रिवाज असतो. नवरा मेला, किंवा बाईने मारहाणीला कंटाळून घर सोडलं, तर मुलं तिने सोबत नेणं हा त्या कुळाच्या दृष्टीने गुन्हाच. मग माणसं शोधत येतात. सीमा ओलांडून, छावणीपर्यंत. छावणी म्हणजे काही किल्ला नाही. तिथे बाजार आहे, बसगाड्या येतात, प्रत्येकाचा कोणी ना कोणी भाऊबंद असतो. आणि मोबाइल सगळ्यांकडे. म्हणून तर छावण्यांमध्ये अशा बायामुलांसाठी वेगळे सुरक्षित निवारे चालवावे लागतात. ही एक तऱ्हा झाली. कोणी सशस्त्र टोळीतून पळालेला असतो, कोणाचे वडील सरकारविरुद्ध बोललेले असतात. त्या 1951 च्या व्याख्येतला ‘भीती’ हा शब्द असा असतो. त्याला चेहरा असतो आणि तो चेहरा आपण व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो.

मुलीची आई आली. दुभाष्यामार्फत तिने मला तीन प्रश्न विचारले. आवाज चढवला नाही. हे कोणी बघितलं? त्यात आमचं नाव वाचता येतं का? आणि ज्यांनी बघितलं त्या सगळ्यांकडून तू ते परत घेऊ शकतेस का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं.

पोस्ट त्या रात्री काढली. मावसबहिणीला वाईट वाटलं, पॅरिशमधल्या एका काकांनी “एवढं काय त्यात” असंही ऐकवलं. किती जणांच्या फोनमध्ये तो फोटो आजही असेल, मला माहीत नाही. चार दिवसांनी मायलेकींना दुसरीकडे हलवलं. कुठे, ते मला सांगितलं नाही, आणि बरोबरच केलं. कोणी त्यांना शोधत आलं का? माझ्या कानावर तरी आलं नाही. पण एवढं नक्की, की जिथे ती पोर महिनाभराने बोलायला लागली होती ती जागा तिला सोडावी लागली. पुन्हा एकदा, अचानक.

मी सिस्टरना म्हटलं, मी परत जाते. त्या म्हणाल्या, “जाऊ नकोस. आता गेलीस तर तिकडे जाऊन रडशील आणि लोक तुझं सांत्वन करतील. राहा. फोन ऑफिसात ठेवून जात जा.” उरलेले सात आठवडे मी तसंच केलं. मामा या विषयावर मला एकदाच बोलली. म्हणाली, पोले. मला, की त्या मुलीबद्दल, ते कळलं नाही आणि मी विचारलं नाही.

श्रद्धेबद्दलही बोलायला हवं, कारण मी गेले ते श्रद्धेपायी. लहानपणापासून ऐकलेलं, की बाळ येशूला घेऊन योसेफ आणि मरिया रातोरात मिसर देशात पळाले. म्हणजे आपला प्रभू स्वतः निर्वासित मूल होता. मत्तयच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय, परक्याला घरात घेण्याबद्दलचा, आमच्याकडे कोणाला पाठ नसतो? त्या ओढीनेच माणूस जातो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तिथे पहिल्याच महिन्यात मी एक अ‍ॅक्शन साँग शिकवायला घेतलं होतं, आपल्या संडे स्कूलमधलं, ज्यात येशूचं नाव येतं. मामाने मध्येच थांबवलं. ती स्वतः रोज पहाटे प्रार्थना करणारी बाई, पण थांबवलं. संध्याकाळी म्हणाली, “या चाळिसांत अकरा मुलं मुसलमान आहेत. त्यांच्या आया मला मुलं देतात ती लापशीसाठी आणि अक्षरांसाठी. त्यांच्याकडे दुसरं केंद्र निवडायची सोय नाही. जिला नाही म्हणता येत नाही, तिच्या मुलाला तू तुझं गाणं शिकवतेस?”

ही नुसती मामाची मर्जी नव्हे. 1994 मध्ये रेड क्रॉस आणि मोठ्या मदतसंस्थांनी मिळून एक आचारसंहिता केली, दहा कलमांची. त्यातलं तिसरं कलम हेच आहे, की मदत ही कुठलीही राजकीय किंवा धार्मिक भूमिका पुढे रेटण्यासाठी वापरायची नाही. अनेक धार्मिक संस्थांनीही त्यावर सह्या केल्यात. आमच्या मिशनमधल्या काहींना ते पटत नव्हतं, “मग आपण आणि साधी एनजीओ यात फरक काय?” असं जेवणाच्या टेबलावर चालायचं. त्यावर सिस्टर फादर पेद्रो अरुपेंचं उदाहरण द्यायच्या. अरुपे जेझुइट संघाचे प्रमुख होते. 1945 मध्ये हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ते तिथेच होते आणि आधी वैद्यकीचं शिक्षण घेतलेलं असल्यामुळे त्यांनी जखमींवर उपचार केले. पुढे व्हिएतनाममधून बोटींतून जीव घेऊन पळणारे लोक बघून त्यांनी 1980 च्या नोव्हेंबरमध्ये निर्वासितांसाठी जेझुइट रेफ्युजी सर्व्हिस सुरू केली. (आमचं मिशन त्यांचं नव्हे, पण काकुमात त्यांचंही काम आहे.) त्या संस्थेने स्वतःसाठी तीन शब्द ठरवलेत: सोबत, सेवा, आणि त्यांची बाजू मांडणं. सोबत पहिली. सिस्टर म्हणायच्या, सोबत करणारा माणूस चालणाऱ्याला कुठे जायचं ते सांगत नाही. मला तेव्हा हे फार पटलं नव्हतं. आता पटतं, पण वाद घालणाऱ्यांचंही मी समजू शकते. आपल्याला जे सगळ्यात मोलाचं वाटतं तेच घरी ठेवून जायचं, हे सोपं नसतं.

आणखी एक चूक बहुतेक सगळे करतात. मुलाने चित्र काढलं, त्यात घर जळतंय. लगेच आपण विचारतो, “हे काय आहे? तुझं घर का? कोणी जाळलं?” आपल्याला वाटतं, बोललं की मन मोकळं होईल. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इतर दोन संस्थांबरोबर मानसिक प्रथमोपचाराची एक पुस्तिका काढली आहे. तिचं सूत्र साधं आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. त्यात ‘विचारा’ नाही. बजावून सांगितलंय की काय घडलं ते सांगायचा आग्रह करू नका. मूल स्वतःहून बोललं तर ऐकायचं, आणि मग त्याला जे खरंच मदत करू शकतील, आई, डॉक्टर, समुपदेशक, त्यांच्याशी जोडून द्यायचं. तीन महिन्यांसाठी आलेल्या बाईने जखम उघडली तर चौथ्या महिन्यात ती कोण बांधणार?

चौथा महिना. निरोपाची गोष्ट राहिलीच. माझ्या आधी दोन वर्षांत त्या केंद्रात सहा स्वयंसेवक येऊन गेले होते. मामाला सगळ्यांची नावं पाठ. त्यातल्या एकीने जाताना मुलांना “पुन्हा येईन” म्हणून सांगितलं होतं, आणि काही मुलं बरेच दिवस रस्त्यावर गाडी वाजली की उठून बघायची. म्हणून मामाचा नियम होता, की पाहुण्याने पहिल्या दिवशीच मुलांसमोर सांगायचं, मी अमुक दिवशी जाणार. मला ते किती विचित्र वाटलं होतं! आल्या आल्या जायची भाषा. शेवटचे वीस दिवस उरले तेव्हा तिने एका डब्यात वीस खडे टाकले आणि रोज एका मुलाला एक खडा काढायला लावला. “किती राहिले?” “एकोणीस.” मोजणीचा धडाही झाला. शेवटच्या दिवशी डबा रिकामा झाला, आम्ही तेच गाणं म्हटलं, उजी प्यायलो. तीनचार मुलं रडली, बाकीची खेळायला गेली. मी गाडीत बसल्यावर रडले.

आता पैशांचं बोलू, कारण ते कोणी बोलत नाही. माझा सगळा खर्च, तिकीट, विमा, परवाने धरून, सव्वा लाखाच्या वर गेला. त्यातला बराचसा पॅरिशमधल्या लोकांनी दिला. तेवढ्यात मामाचं वर्षभराचं मानधन निघालं असतं. हे गणित मी परत आल्यावर केलं. जायच्या आधी करायला हवं होतं. तुम्ही म्हणाल, पण मामाच्या मानधनासाठी लोकांनी पैसे दिले असते का? खरं सांगू? बहुतेक नसते दिले. वसईची मुलगी जातेय म्हणून दिले. त्यामुळे हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. परत आल्यावर मी पॅरिशमध्ये सगळं सांगितलं, फोटोसकट, आणि आता आम्ही काही घरं मिळून दरवर्षी त्या केंद्रातल्या शिक्षकांसाठी पैसे पाठवतो. फोटो मागवत नाही. सुरुवातीला दोन घरं त्यामुळे गळली.

आणि तुम्हाला वाटेल, निर्वासित मुलांचा आणि आपला काय संबंध, तर कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला विचारा. 1943 ते 1948 या काळात तिथे पोलिश निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत रशियात हद्दपार केलेले आणि इराणमार्गे बाहेर पडलेले सुमारे पाच हजार लोक, बहुतेक बाया आणि मुलं. त्यांचं चर्च होतं, शाळा होत्या, स्काउट पथकं होती. आणि त्या शाळांत शिकवायला त्यांच्यातलेच पोलिश शिक्षक होते. कोल्हापूरने जागा दिली, शेजार दिला. शाळा त्यांनी चालवली. मुलं पोलिशमध्ये शिकली. म्हाताऱ्या झालेल्या त्या मुलांपैकी काही जण पुढे कोल्हापूरला मुद्दाम भेट द्यायला आले.

तर त्या कॉलेजातल्या मुलासाठी उत्तर. बाळा, तीन आठवड्यांसाठी जायचं असेल तर मुलांबरोबरचं काम मागू नकोस. हिशेब, कॉम्प्युटर, नळदुरुस्ती, जे येतं ते कर. तिथे त्याची टंचाईच असते. मुलांबरोबरच राहायचं असेल तर निदान सहा महिने काढ आणि थोडी स्वाहिली शिकून जा. जी संस्था तुला पोलिसांचा दाखला मागत नाही, फोटोचे नियम सांगत नाही, आणि तू गेल्यावर तुझी जागा कोण घेणार हे सांगू शकत नाही, तिथे जाऊ नकोस, मग ती कितीही प्रार्थना करणारी असो. आणि सही करायच्या आधी चारही पानं वाच. दुसरं पान जरा सावकाश.

पुढच्या भागात एक जण पाहुणे येणार आहेत, विषय अजून ठरतोय. या भागावर काही विचारायचं असेल तर नेहमीच्या ठिकाणी लिहा, मी उत्तर देते. आणि हो, काहींनी आधीच विचारलंय म्हणून सांगते: या भागाच्या कव्हरवर फोटो नाही, तो विसरलेला नाही.